नाटक नव्हे, आजार! – मेंदूतील ‘कॉडेट’ या भागाची ओळख

सिंहगड रस्त्याच्या बाजूने राहणाऱ्या माणसांना २०२५ सालचा जानेवारी महिना विसरता येणार नाही. किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी या पट्ट्यात माणसांच्या हातापायातली ताकद अचानक जाऊ लागली. ‘जीबीएस’ म्हणजे गुलेन बारी सिंड्रोम हे नाव तोपर्यंत कुणी ऐकलेले नव्हते. महिन्याभरात ते पोराटोरांच्या तोंडी झाले. राज्यात संशयित धरून दोनशेहून अधिक रुग्ण नोंदले गेले. घरोघर पाणी उकळून पिण्याची सवय लागली. ती चांगली गोष्ट झाली. पण त्याबरोबर एक भीतीही घर करून बसली. कुणाच्या हाताला मुंग्या आल्या तरी शेजारीपाजारी म्हणत, “बघा, जीबीएस तर नाही?”

त्याच वर्षीच्या पावसाळ्यानंतर आमच्या धायरीतल्या वस्तीत एक प्रकार घडला. तो सांगण्यासाठी आणि त्यानिमित्ताने आम्हाला जे शिकायला मिळाले ते वाचकांपुढे ठेवण्यासाठी हा लेख आहे. आम्ही डॉक्टर नाही. बी. कॉम. होऊन कारकुनी करणारी आणि संध्याकाळी वस्तीतल्या मुलांची अभ्यासिका चालवणारी आम्ही साधी माणसे. डॉक्टरांना विचारून, पुस्तके वाचून जे समजले तेवढेच लिहीत आहोत. संबंधित कुटुंबाच्या परवानगीने लिहीत आहोत, म्हणून नाव मात्र देत नाही.

एका मुलीची गोष्ट

मुलगी दहा वर्षांची, चौथीत शिकणारी. वडील नऱ्ह्याच्या एका वर्कशॉपात कामाला, आई सोसायट्यांमध्ये धुणीभांडी करणारी. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसे. मुलगी हुशार, अक्षर मोत्यासारखे. सप्टेंबर संपता संपता तिच्या हातून वस्तू पडू लागल्या. आज कप, उद्या ताटली. मग अक्षर बिघडले. ओळ सोडून अक्षरे वर-खाली जाऊ लागली. बसल्या जागी खांदा उडायचा, तोंड वेडेवाकडे व्हायचे. काही कारण नसताना रडू फुटायचे.

शाळेतून वहीवर शेरा आला. आईने एक धपाटा घातला. आणि कबूल करायला लाज वाटते, पण अभ्यासिकेत आम्हीसुद्धा तिला चारचौघांत म्हणालो, “हे नखरे पुरे कर आता. नीट बसून लिही.” ती काही बोलली नाही. उजवा हात डाव्या हाताने दाबून धरून तिने ते पान पुरे केले. ते पान आम्ही पुढे बरेच दिवस जपून ठेवले.

वस्तीत दोन तट पडले. काहींच्या मते हा जीबीएस. काहींच्या मते निव्वळ नाटक, कारण “झोपली की हात कसा गप्प असतो? आजार असता तर झोपेतही उडाला असता.” आजीचे म्हणणे तिसरेच होते. पोर अमावस्येला ओढ्याकडे गेली होती, तिला बाहेरचे झाले. ज्या घराच्या भिंतीवर बावीस प्रतिज्ञा लावलेल्या आहेत, त्याच घराच्या दाराआड एके दिवशी लिंबू-मिरची आम्ही पाहिली. आजीला दोष देण्यात अर्थ नाही. दवाखान्याची पायरी चढायची तर एक खाडा पडतो, एका दिवसाचा पगार जातो. लिंबू पाच रुपयाला मिळते.

अखेर एका रविवारी आई अभ्यासिकेच्या दारात आली. “जयभीम भाऊ,” ती म्हणाली, “सासूबाई म्हणतात उद्या देवऋष्याकडे नेऊ. माझं मन घेत नाही. तुम्ही येता का दवाखान्यात?” आम्ही गेलो. आमचा रजेचा अर्ज मंजूर झाला, तिचा मात्र एक खाडा पडलाच.

डॉक्टरांनी काय पाहिले?

सरकारी रुग्णालयात एक तरुण डॉक्टरीण भेटल्या. त्यांनी यंत्राआधी आपले डोळे वापरले. मुलीला जीभ बाहेर काढून धरायला सांगितली. जीभ बाहेर राहीना, सारखी आत-बाहेर होत राहिली. मग आपली दोन बोटे तिच्या मुठीत देऊन म्हणाल्या, “घट्ट धर.” मूठ आवळायची, सैल पडायची, पुन्हा आवळायची. गाईचे दूध काढताना बोटे जशी चालतात, अगदी तशी. मग त्यांनी आईला विचारले, “मावशी, दोन-तीन महिन्यांपूर्वी हिचा घसा दुखत होता का? ताप, गिळायला त्रास?”

आईला आठवले. जुलैत चार दिवस घसा दुखून ताप आला होता. हळद-दूध दिले, दुकानातून तापाची गोळी आणली, ताप उतरला. पोर शाळेत गेली, सगळे विसरले.

डॉक्टर म्हणाल्या, “हे नाटक नाही, बाहेरचं नाही आणि जीबीएसही नाही. जीबीएसमध्ये हातपाय लुळे पडतात. इथे हात आपोआप चालतोय. याला सिडनहॅम कोरिया म्हणतात. मेंदूत कॉडेट नावाचा भाग आहे, त्याच्या आसपास बिघाड आहे. पण मला हिच्या मेंदूपेक्षा हृदयाची जास्त काळजी आहे.”

घसा, मेंदू आणि हृदय यांचा एकमेकांशी काय संबंध? आम्हाला तो प्रश्न स्वस्थ बसू देईना.

कॉडेट म्हणजे काय?

माणसाच्या मेंदूचे वजन साधारण तेराशे-चौदाशे ग्रॅम असते. वरची सुरकुतलेली साल आपण चित्रात पाहतो. तिच्या खूप आत, अगदी मध्याच्या जवळ, चेतापेशींचे काही गठ्ठे असतात. त्यांतला एक म्हणजे कॉडेट न्यूक्लियस. ‘कॉडा’ म्हणजे लॅटिन भाषेत शेपूट. शेपूट असलेला गठ्ठा, म्हणून हे नाव. मराठीत त्याला पुच्छाकार केंद्रक म्हणता येईल, पण आपण कॉडेटच म्हणू.

उजवीकडे एक आणि डावीकडे एक, असे दोन कॉडेट असतात. प्रत्येकाचा आकार जेमतेम चहाच्या एका चमच्यात मावेल एवढा. पुढच्या बाजूला जाड डोके, मग निमुळते अंग, आणि मागून वळसा घेऊन खाली आणि पुन्हा पुढे कानाच्या दिशेला येणारी बारीक शेपटी. मेंदूच्या पोटात पाण्यासारख्या द्रवाने भरलेल्या पोकळ्या असतात. त्या पोकळीच्या भिंतीला चिकटून कॉडेट बसलेला असतो. शेजारी प्युटॅमेन नावाचा दुसरा गठ्ठा असतो. दोघांच्या मधून पांढऱ्या तंतूंची जाड जुडी जाते, आणि तिच्यातून करड्या रंगाचे पट्टे दोघांना जोडतात. म्हणून या जोडीला स्ट्रायटम म्हणजे ‘पट्टेदार’ असे नाव पडले.

त्याचे काम समजायला आमच्यासारख्या कारकुनाला फार अडचण आली नाही. मेंदूच्या सालीच्या जवळजवळ सर्व भागांतून कॉडेटकडे आणि त्याच्या जोडीदाराकडे निरोप येतात: हे करायचे आहे, ते करायचे आहे. ही झाली आवक. तिथे छाननी होऊन निरोप पुढच्या टेबलावर जातो. तिथून थॅलॅमस नावाच्या केंद्राकडे, आणि तिथून परत वरच्या साहेबाकडे, म्हणजे सालीकडे. फाईल फिरून सहीसाठी परत यावी तसे हे चक्र अखंड चालते. सही झाली तरच काम होते.

आता एक महत्त्वाची गोष्ट. कॉडेटमधल्या बहुतेक पेशी ‘थांब’ म्हणणाऱ्या पेशी आहेत. पुढच्या पेशीला गप्प करणे हेच त्यांचे काम. मग हालचाल होते कशी? त्याच्यासाठी दोन वाटा आहेत. एका वाटेवर पुढचा थांबवणाराच थांबवला जातो, आणि हालचाल सुटते. दुसऱ्या वाटेने गेलेला निरोप नको त्या हालचाली दाबून ठेवतो. बसच्या कंडक्टरसारखे आहे हे. दोनदा घंटी वाजली तर गाडी निघते, एकदा वाजली तर थांबते. मेंदूच्या देठातून डोपामाइन नावाचे रसायन इथे येते. ते पहिल्या वाटेला जोर देते आणि दुसरीला आवर घालते. डोपामाइन कमी पडले की गाडी निघतच नाही. पार्किन्सनच्या आजारात म्हाताऱ्या माणसाचे पाऊल उचलत नाही ते यामुळे. उलट ‘थांब’ची घंटी बिघडली की न सांगता गाडी सुटते. हात उडतो, तोंड वाकडे होते, जीभ आत-बाहेर करते. आमच्या मुलीला झाले ते हेच.

आणि झोपेचे कोडे? झोपेत हे चक्रच थंडावते, म्हणून या आजारातल्या हालचाली झोपेत थांबतात. मन घाबरले, कुणी रागावले की त्या वाढतात. म्हणजे वस्तीने जो नाटकाचा पुरावा मानला, तो खरे तर आजाराची खूण होता. आणि आमच्या रागावण्याने त्या पोरीचा हात अधिकच उडत होता.

केवळ हातपाय नव्हे

कॉडेट फक्त हालचालच सांभाळतो असे नाही. चुकातून शिकणे, अमुक केले की तमुक फळ मिळते हे बांधून ठेवणे, अनेक पर्यायांतून एक निवडणे, यांतही त्याचा मोठा वाटा आहे. जपानमध्ये शोगी नावाचा बुद्धिबळासारखा खेळ आहे. त्यातल्या निष्णात खेळाडूंचा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. पट पाहताक्षणी योग्य चाल सुचते, तेव्हा त्यांच्या कॉडेटचे डोके कामाला लागलेले दिसले. पुढे नवख्या माणसांकडून पंधरा आठवडे रोज सराव करून घेतला, तेव्हा त्यांच्याही मेंदूत तशीच हालचाल दिसू लागली. ही देणगी जन्माने मिळत नाही, ती सरावाने येते.

दुसरे उदाहरण आपल्या मुलांच्या जवळचे आहे. घरी मराठी आणि शाळेत इंग्रजी अशी कसरत आपली अनेक मुले करतात. दोन भाषा बोलणाऱ्यांवर झालेले एक संशोधन २००६ साली प्रसिद्ध झाले. एका भाषेतून दुसरीत जाताना डाव्या कॉडेटमध्ये ते वळण टिपले गेले. डाव्या कॉडेटला इजा झालेली माणसे नकळत एका भाषेतून दुसरीत घसरतात, असेही डॉक्टरांनी नोंदले आहे. आपले पोर बोलताना अडखळले तर त्याला मठ्ठ म्हणण्याआधी, त्याचा मेंदू केवढे काम करतो आहे ते आपण आठवावे.

घशातून मेंदूपर्यंत

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. स्ट्रेप्टोकॉकस नावाचे जंतू घशात शिरतात. शरीर त्यांच्याविरुद्ध अँटिबॉडीज म्हणजे प्रतिपिंडे तयार करते. हे आपले पहारेकरी. पण या जंतूच्या अंगावरचे काही भाग आपल्याच पेशींसारखे दिसतात. चोराचा आणि घरच्या माणसाचा सदरा एकसारखा असावा, तसे. मग पहारेकरी घरच्या माणसालाच धोपटतात. सांध्यांवर हल्ला झाला तर सांधे सुजतात, हृदयावर झाला तर हृदयाच्या झडपा खराब होतात, मेंदूवर झाला तर हात उडतो. या सगळ्याला मिळून र्‍हुमॅटिक ताप म्हणतात. घसा बरा झाल्यावर एक ते सहा महिन्यांनी कोरिया दिसू शकतो, म्हणून घशाशी त्याचा संबंध कुणाच्या लक्षात येत नाही.

१९७६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, कोरिया झालेल्या जवळपास निम्म्या मुलांच्या रक्तात कॉडेटच्या पेशींना जाऊन चिकटणारी प्रतिपिंडे सापडली. १९९५ साली अशा २४ मुलांच्या मेंदूची एम. आर. आय. चित्रे तपासली गेली. त्यांचा कॉडेट आणि त्याचे शेजारी गठ्ठे निरोगी मुलांपेक्षा मोठे, जणू सुजलेले दिसले.

जीबीएसची गोष्टही याच जातीची आहे. तिथे पोट बिघडवणाऱ्या कॅम्पिलोबॅक्टरसारख्या जंतूंशी लढताना प्रतिपिंडे आपल्याच नसांवर घसरतात. सिंहगड रस्त्यावरच्या काही रुग्णांत हा जंतू सापडला होता. आजार वेगळे, पण चूक तीच.

या आजाराचे वर्णन थॉमस सिडनहॅम या इंग्रज डॉक्टराने १६८६ साली केले. युरोपातही अंग उडणाऱ्या आजारांना लोक ‘संत विटसचा नाच’ म्हणत आणि बरे होण्यासाठी संताला नवस करीत. म्हणजे आमच्या आजीलाच अडाणी म्हणण्याचे कारण नाही. फरक एवढाच की तेव्हा औषध नव्हते, आज आहे.

अंग उडण्याची कारणे आणखीही आहेत. हंटिंग्टन हा आनुवंशिक आजार साधारण तिशी-चाळिशीत दिसू लागतो, त्यात कॉडेट झिजत जातो. जॉर्ज हंटिंग्टन याने १८७२ साली त्याचे वर्णन केले आणि १९९३ साली त्याचे जनुक सापडले. विल्सनच्या आजारात शरीरातले तांबे बाहेर न जाता यकृतात आणि मेंदूच्या याच गठ्ठ्यांत साचते. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयाशी संबंधित डॉ. दाराब दस्तूर व डॉ. नोशीर वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतातल्या अशा १६ कुटुंबांचा अभ्यास १९६८ साली प्रसिद्ध केला. वेळेवर ओळखला तर या आजारावर औषध आहे. अशा माणसांना भूत लागले म्हणून बांधून मारहाण करणे हा २०१३ सालच्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, हेही ध्यानात ठेवावे.

हात बरा झाला, मग सुई कशाला?

डॉक्टरांनी मुलीच्या हृदयाची सोनोग्राफी म्हणजे इको करून घेतला. एका झडपेतून थोडी गळती होती. हात आवरण्यासाठी गोळ्या दिल्या, आणि दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन सांगितले. हे इंजेक्शन हाताच्या हालचाली थांबवण्यासाठी नाही. तो जंतू पुन्हा घशात शिरू नये म्हणून आहे. कारण कोरिया बहुधा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ओसरतो, पण प्रत्येक नव्या घसादुखीबरोबर हृदयाच्या झडपेवर नवा घाव बसू शकतो. आज हात उडतो ते सगळ्यांना दिसते. झडप खराब होते ते कुणाला दिसत नाही. ते दिसते पुढे, पंचवीस-तिशीत, जिना चढताना दम लागतो तेव्हा, किंवा बाळंतपणात जीव धोक्यात येतो तेव्हा.

आणि इथेच आम्ही हरता हरता वाचलो. डिसेंबरात मुलीचा हात पूर्ण थांबला. अक्षर परत आले. चौथ्या इंजेक्शनची तारीख गेली तरी कुणी हलले नाही. विचारायला गेलो तर वडील म्हणाले, “भाऊ, पोर चांगली आहे आता. सुई फार दुखते, दोन दिवस लंगडते. वर माझा खाडा. बरी झालेल्या पोरीला सुया कशाला टोचायच्या?”

त्यांचे बोलणे चुकीचे असले तरी खोटे नव्हते. सुई खरोखर दुखते, खाडाही खरोखर पडतो. आम्ही उपदेश केला नाही. इकोचा कागद पुढे ठेवला आणि विचारले, “दादा, वर्कशॉपातल्या पंपाचा व्हॉल्व्ह गळू लागला तर तुम्ही काय करता?” ते क्षणभर थांबले. म्हणाले, “आणखी गळू नये म्हणून आधी बघतो. पुढं पंपच जातो.” मग कागद हातात घेऊन बराच वेळ पाहत बसले.

दुसऱ्या दिवशी महिला मंडळाच्या बायकांनी मार्ग काढला. कॅलेंडरवर वर्षभराच्या तारखा लाल पेनाने मांडल्या. एका खेपेला आई जाईल, एका खेपेला मंडळातली कुणी, एका खेपेला आम्ही. म्हणजे कुणा एकाचाच खाडा पडणार नाही. आजीने आपणहून सांगितले, “मला गाडीत बसवा, मीबी जाईन.” चुकलेली सुई चार दिवस उशिरा का होईना, घेतली गेली. हे लिहीत असताना आठवी झाली आहे. सुया किती वर्षे घ्यायच्या ते डॉक्टर ठरवतात. निदान अठरा-एकवीस वर्षांचे वय होईपर्यंत, आणि झडप खराब असेल तर त्याहून अधिक काळ लागू शकतात.

हे पेनिसिलिन काही परक्या देशाचे अप्रूप नाही. आपल्या पुण्याच्या शेजारी पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना १९५४ साली स्थापन झाला, आणि जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या मदतीने १९५५ साली तिथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. आपल्याच जिल्ह्यातल्या कामगारांच्या हातून देशाला हे औषध मिळाले. श्रीमंत देशांतून र्‍हुमॅटिक ताप जवळजवळ हद्दपार झाला तो दोन गोष्टींमुळे: मोकळी घरे आणि पेनिसिलिन. एका खोलीत सहा माणसे झोपतात तिथे एकाचा खोकला सहा जणांचा होतो. म्हणून हा आजार जात-धर्म पाहत नसला, तरी तो घराचा आकार नक्की पाहतो.

आयाबहिणींना विनंती

प्रत्येक घसादुखीला अँटिबायोटिक लागत नाही. सर्दी-खोकल्याबरोबर येणारे घसे बहुधा आपोआप बरे होतात. पण पाच ते पंधरा वर्षांच्या मुलाला ताप आहे, गिळताना फार दुखते, गळ्याखाली गाठी आल्या आहेत आणि खोकला नाही, असे असेल तर त्याला दोन दिवसांत डॉक्टरांना दाखवा. असा घसा सुरू झाल्यापासून नऊ दिवसांच्या आत योग्य औषध मिळाले तर र्‍हुमॅटिक ताप टळू शकतो. डॉक्टरांनी दहा दिवसांचे औषध दिले तर तिसऱ्या दिवशी बरे वाटले म्हणून बंद करू नका.

सांधे सुजून दुखणे एका सांध्यातून दुसऱ्यात जात असेल, पोराला दम लागत असेल, हातातून वस्तू पडत असतील, अक्षर अचानक बिघडले असेल, तोंड वेडेवाकडे होत असेल, तर त्याला मारू नका, हसू नका, आणि देवऋष्याकडे तर मुळीच नेऊ नका. सरकारी दवाखान्यात न्या, आणि मागच्या सहा महिन्यांत घसा दुखला होता का ते आठवून सांगा. पेनिसिलिनचे इंजेक्शन मात्र दवाखान्यातच, डॉक्टरांच्या देखरेखीखाली घ्यावे, कारण काही जणांना त्याची ॲलर्जी असते.

शिक्षक बंधू-भगिनींनाही हेच सांगणे आहे. वहीवर शेरा मारण्याआधी एकदा मुलाची बोटे आपल्या हातात घेऊन पाहा. आम्ही ते केले नाही, म्हणून सांगतो. त्या मुलीची आम्ही अभ्यासिकेत सगळ्या मुलांसमोर माफी मागितली. ती लाजली आणि म्हणाली, “सर, आता माझं अक्षर बघा ना.” आम्ही पाहिले. पुन्हा मोत्यासारखे झाले होते. पुढची तारीख कॅलेंडरवर आहे, आणि त्या खेपेला जाण्याची पाळी आमची आहे.